शुक्रवारची मुलं, शनिवारची मुलं

पुस्तकं काढून टाकणं हा आमच्या कामाचाच भाग आहे, असं सांगितलं की लोक दचकतात. लायब्ररी म्हणजे पुस्तकं सांभाळायची जागा, असा सगळ्यांचा समज. तो खोटा नाही, पण कपाटं काही रबराची नसतात. नवी पुस्तकं येत राहतात, त्यांना जागा लागते. म्हणून वर्षातून दोनदा आम्ही कॉम्प्युटरवरून एक यादी काढतो. गेली तीन वर्षं ज्यांना कोणी हातही लावला नाही, अशा पुस्तकांची. ती ट्रॉलीवर रचायची, पहिल्या पानावर ‘बाद’ असा शिक्का मारायचा आणि दाराशी खोक्यात ठेवायची. ज्याला हवं त्याने फुकट न्यावं, उरलेली रद्दीत. सुरुवातीला शिक्का मारण्याआधी मी प्रत्येक पुस्तक चाळून बघायचे. आता अठरा वर्षांनी हात आपोआप चालतो. शिक्का मारताना मी लेखकाचं नाव वाचत नाही, एवढीच काय ती माझी पळवाट.

म्युनिकच्या उत्तरेला, उंटरश्लाइसहाइमपासून बसने वीस मिनिटांवरच्या एका छोट्या गावात आमची लायब्ररी आहे. मी तिथला किशोर विभाग सांभाळते. म्हणजे बारा ते सोळा वयाची मुलं. हे उंटरश्लाइसहाइमच्या एका कंपनीत इंजिनिअर, म्हणून आम्ही इकडे आलो. मुलगी लहान होती, तिला चित्रांची पुस्तकं दाखवायला मी रोज लायब्ररीत जायचे. तिथल्या बाईंनी एक दिवस विचारलं, ‘तुम्ही रोज येताच, तर हे काम शिकत का नाही?’ मी अकोल्याची, मराठी घेऊन बी.ए. झालेली, वय सदतीस. सतरा-सतरा वर्षांच्या मुलांच्या बाकावर बसून तीन वर्षं आउसबिल्डुंग केलं. म्हणजे अर्धे दिवस शाळा आणि अर्धे दिवस प्रत्यक्ष काम. पहिल्या दिवशी वर्गातल्या पोरांनी मला मास्तरीण समजून उभं राहून नमस्कार केला होता.

किशोर वाचक हे गिऱ्हाईक अवघड. लहान मुलाच्या हातात पुस्तक दिलं की ते घेतं. मोठी माणसं आपलं आपण शोधतात. चौदा वर्षांच्या माणसाला मात्र काय हवंय ते सांगायचंही नसतं आणि आपण ते ओळखावं असंही वाटत असतं. ‘कोणीतरी मरतं, पण कुत्रा मरत नाही असं काही आहे का?’ असं एका मुलीने मला विचारलं होतं. होतं, ते दिलं. पालकांचे प्रकार आणखी वेगळे. एक बाई आपल्या लेकीने नेलेल्या प्रत्येक प्रेमकथेतल्या चुंबनाच्या ओळी पेन्सिलने खोडून पुस्तक परत करायच्या. मग मी खोडरबर घेऊन बसायचे. एखाद्या ठिकाणी मलाही वाटायचं, ही ओळ नसती तरी चाललं असतं. पण तो माझा प्रश्न नव्हे. पुस्तक जसं आहे तसं वाचकाच्या हातात द्यायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं.

चार वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात मी अशीच ट्रॉली भरत होते. एक मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. काळी, सडपातळ, केसांच्या बारीक वेण्या घातलेल्या. तिने ट्रॉलीवरचं एक पुस्तक उचललं. त्याच्या मुखपृष्ठावर शाळेच्या पायऱ्या चढणारी एक काळी मुलगी होती, पाठमोरी, वह्या छातीशी धरलेली.

‘हे घेऊ?’ तिने विचारलं.

‘ते आम्ही काढून टाकतोय.’

‘का?’

‘कोणी वाचत नाही म्हणून.’

‘मी वाचते ना,’ ती म्हणाली आणि मला तिचं कार्ड दाखवलं.

मी ते पुस्तक यादीतून काढलं आणि तिच्या नावावर चढवलं. कार्डावर नाव होतं सेलाम. चौदा वर्षांची, आईबरोबर एरिट्रियाहून आलेली, जर्मनीत येऊन दीड वर्ष झालेलं, आमच्या गावात मात्र नुकतीच आलेली.

पुस्तक मी पूर्वी वाचलं होतं. अमेरिकेतल्या एका लेखिकेची किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी, जर्मन अनुवादात. नाव मुद्दाम सांगत नाही. आपल्या पुस्तकावर मी शिक्का मारायला निघाले होते हे त्या बाईंना कळायला नको. गोष्ट त्या काळातली आहे, जेव्हा तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या मुलांची शाळा वेगळी आणि काळ्या मुलांची वेगळी असायची. मग कोर्टाने सांगितलं की असं चालणार नाही, शाळा सगळ्यांसाठी एकच हवी. निकाल लागला, पण निकालाने शाळेचं दार उघडत नाही. ते कोणीतरी ढकलावं लागतं. कादंबरीतली डेलिया, चौदा वर्षांची, तिच्या गावातल्या गोऱ्यांच्या शाळेत जाणारी पहिली आणि एकटी काळी मुलगी. पुस्तकभर तेवढंच आहे, तिचं शाळेतलं पहिलं वर्ष.

सेलामने ते पुस्तक दोन वेळा मुदत वाढवून वाचलं. आमच्याकडे एका वेळी चार आठवडे मिळतात. ती दुपारी शाळा सुटली की यायची, खिडकीपाशी बसायची आणि ओळीखाली बोट धरून वाचायची. दिवसाला तीन पानं, चार पानं. अडलेला शब्द एका चिठ्ठीवर लिहायची आणि जाताना ती चिठ्ठी माझ्यापुढे ठेवायची. कधीकधी शब्दापलीकडचे प्रश्न असायचे. डेलिया पहिल्या दिवशी शाळेच्या जेवणघरात हातात ट्रे धरून बसायला जागा शोधते, असा एक प्रसंग आहे. सेलामने विचारलं, ‘फ्राऊ इंगळे, ती ट्रे धरून किती वेळ उभी असेल?’ (फ्राऊ म्हणजे श्रीमती. माझ्या आडनावातला ‘ळ’ या गावात फक्त सेलामला जमायचा. बाकी सगळे ‘इंगले’ म्हणतात.)

‘पुस्तकात दिलेलं नाही,’ मी म्हटलं.

‘पण किती वेळ वाटतं तुम्हाला?’

‘दोन मिनिटं असेल.’

तिने मान हलवली. ‘दोन मिनिटं खूप असतात,’ म्हणाली.

आता पुढचं कळायला इथल्या शाळांबद्दल थोडं सांगायला हवं. इथे बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात. मार्क चांगले असले की गिम्नाझिउम, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीची वाट. नसले की मिटेलशुले, म्हणजे लवकर कामधंदा शिकायची वाट. मधे आणखीही एक आहे. आणि नुकती बाहेरून आलेली, भाषा न येणारी मुलं आधी डॉइचक्लासेत बसतात. इमारत मिटेलशुलेचीच, पण वर्ग वेगळा, तास बरेचसे वेगळे. आधी जर्मन शिका, मग बाकीच्यांत मिसळा, असा विचार. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. भाषा न समजता वर्गात बसणं म्हणजे काय, हे मी सदतिसाव्या वर्षी अनुभवलेलं आहे. सेलाम त्या वर्गात होती.

आमच्या लायब्ररीत दर नोव्हेंबरात एका शनिवारी दुपारी मुलांचं वाचन असतं. ज्याला वाटेल त्याने नाव द्यायचं, आपल्या आवडत्या पुस्तकातला तुकडा तीन मिनिटं वाचून दाखवायचा. तीन मिनिटं झाली की मी घंटी वाजवते. बक्षीस नाही, नंबर नाही. पण सगळं गाव येतं. आजी-आजोबा, शिक्षक, शेजारी, केक, कॉफी. नावं देणारी बहुतेक मुलं गिम्नाझिउमची असतात.

सेलामच्या आदल्या वर्षी डॉइचक्लासेतल्या एका मुलीने नाव दिलं होतं. ती वाचायला उभी राहिली आणि दुसऱ्याच ओळीला अडली. परत सुरुवात केली, परत अडली. मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. मुद्दाम नसेल, पण हसलं. मुलगी पुस्तक तिथेच ठेवून बाहेर निघून गेली आणि पुन्हा लायब्ररीत आली नाही. मग मी आमच्या प्रमुख फ्राऊ लिंडनर यांना सुचवलं, डॉइचक्लासेसाठी आपण वेगळा कार्यक्रम करू. शुक्रवारी सकाळी दहाला, शाळेच्या वेळेत. त्यांचे शिक्षक आणि आपण दोघी, बाहेरचं कोणी नाही. न घाबरता वाचतील. त्यांना कल्पना फार आवडली. तो कार्यक्रम लगेच डिसेंबरात झाला. अकरा मुलांनी वाचलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, प्रत्येकाला पुस्तकखूण आणि चॉकलेट दिलं. गावाच्या पत्रकात फोटो आला. त्यात मी मधोमध आहे, हसते आहे. मला माझा अभिमान वाटत होता.

त्यामुळे पुढच्या ऑक्टोबरात मी दोन याद्या टेबलावर ठेवल्या. एक शनिवारची, एक शुक्रवारची. सेलाम आली, तिने शनिवारच्या यादीवर नाव लिहायला पेन उचललं.

‘अगं, तुमची यादी ती दुसरी,’ मी म्हटलं.

तिने दोन्ही याद्या वाचल्या. बोट धरून.

‘शुक्रवारी ऐकायला कोण येतं?’

‘तुमचे सर, मी, फ्राऊ लिंडनर.’

‘आणि शनिवारी?’

‘शनिवारी... सगळे येतात.’

तिने पेन तसंच हातात धरलं. मग म्हणाली, ‘डेलियाची आधीची शाळा वाईट नव्हती. तिथल्या बाई तिच्यावर प्रेम करायच्या. तिथे मैत्रिणी होत्या. तरी ती का गेली?’

तिला खरंच उत्तर हवं होतं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. तिने पुस्तकातली एक अडलेली गोष्ट मला विचारली होती, जशी रोज विचारायची. मी म्हटलं, ‘उद्या सांगते.’ तिने पेन खाली ठेवलं आणि कुठल्याच यादीवर नाव न लिहिता गेली.

त्या दिवसांत माझे सासरे आमच्याकडे आले होते, तीन महिन्यांसाठी. बाबा तेव्हा ऐंशीचे. बुलढाण्याकडच्या एका खेड्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. घरात बसवेना म्हणून रोज माझ्याबरोबर लायब्ररीत यायचे. जर्मन येत नव्हतं, त्यामुळे नकाशांची पुस्तकं बघत बसायचे. सेलामच्या शेजारच्याच टेबलावर. दोघांना एकमेकांची एकही भाषा येत नव्हती. पण संत्रं सोललं की बाबा अर्धं तिच्या टेबलावर ठेवायचे, आणि ती ‘डांके’ म्हणायची. एकदा मला म्हणाले, ‘ही पोरगी ओळ सोडत नाही. अडली तर अडून राहते, पण उडी मारून पुढे जात नाही. असं पोर पन्नासात एक मिळते.’

त्या संध्याकाळी जेवताना मी सगळं सांगितलं. दोन याद्या, सेलामचा प्रश्न. आणि शेवटी म्हटलं, ‘बाबा, हेतू चांगला होता हो माझा. त्या मुलांना कोणी हसू नये, एवढंच.’

बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

‘गुरुजींचाही हेतू चांगलाच होता,’ ते म्हणाले.

‘कोणत्या गुरुजींचा?’

‘आमच्या. पहिली ते तिसरी. माणूस चांगला. पेन्सिल संपली तर स्वतःची द्यायचा. आम्ही चार पोरं होतो आपल्या वस्तीतली. आम्हाला व्हरांड्यात बसवायचे. कायदा होऊन गेला होता, पण आमच्या गावापर्यंत यायला त्याला वेळ लागला. तर गुरुजी म्हणायचे, तुम्ही बाहेरच बसा रे, आत कोंदट होते, बाहेर वारा येतो. आत बसलो असतो तर गावकऱ्यांनी आम्हाला मारलं असतं. हे त्यांना माहीत होतं. आमच्या भल्यासाठीच बसवलं होतं.’

बाबा व्हरांड्यात बसले होते हे मला माहीत होतं. आम्ही बौद्ध. आमच्या घरांतून ही गोष्ट असतेच, आजोबांची नाहीतर वडिलांची. आपण ती ऐकतो, मान हलवतो आणि आपल्या बाकावर जाऊन बसतो. पण त्या वाऱ्याबद्दल बाबा कधी बोलले नव्हते. ह्यांनाही माहीत नव्हतं. तेही जेवायचे थांबले.

‘खिडकीतून फळा दिसायचा,’ बाबा म्हणाले. ‘पण फळ्याचा डावा अर्धाच. गणित डावीकडे मांडलेलं असायचं, उत्तर उजवीकडे. उत्तर काही दिसायचं नाही. ते आम्ही आमचं काढायचो. मग आत पोरं उत्तर मोठ्याने वाचायची, तेव्हा बरोबर का चूक ते कळायचं.’

‘म्हणूनच तुमचं गणित पक्कं,’ हे हसून म्हणाले. वातावरण हलकं करायला म्हणाले असतील.

‘हो,’ बाबा म्हणाले. ‘मीही लोकांना तेच सांगत आलो.’ आणि पुन्हा जेवायला लागले.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी फ्राऊ लिंडनरच्या खोलीत गेले आणि म्हटलं, यादी एकच करू या. त्या चांगल्या बाई आहेत, नियमाच्या पक्क्या, आणि मुलांसाठी जीव टाकणाऱ्या. त्यांनी चष्मा काढला.

‘वैशाली, वेगळा कार्यक्रम ही कल्पना तुझीच होती.’

‘गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच मी आले.’

‘आणि ती मुलगी सगळ्यांसमोर अडली तर? गेल्या वेळचं आठवतं ना?’

‘आठवतं. अडली तर अडेल. पण अडायचं की नाही हे ठरवायची संधी मी तिच्याकडून काढून घेतली. आपण हसणाऱ्याला काही बोललो नाही. वाचणारीलाच बाजूला केलं.’

हे वाक्य माझ्या तोंडून निघेपर्यंत मला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. फ्राऊ लिंडनरनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, ‘आल्झो, ठीक तर. एकच यादी. पण यंदा सुरुवातीला मी दोन शब्द बोलेन. हसण्याबद्दल.’

डॉइचक्लासेत जाऊन मी सगळ्यांना सांगितलं, शनिवार तुमचाही आहे. बाकीच्या मुलांनी मान खाली घातली. त्यांना दोष कसा देणार? आधीच्या वर्षी मीच त्यांना शिकवलं होतं की शनिवार त्यांचा नाही. नाव एकटीनेच दिलं, सेलामने. तिने निवडलेला तुकडा कोणता असेल हे सांगायला नको. ट्रे घेऊन उभ्या असलेल्या डेलियाचा.

त्या तुकड्यात एक अडचण होती. एका टेबलावरचा मुलगा डेलियाला एक शब्द म्हणतो. काळ्या माणसांसाठी त्या काळी जो शब्द वापरत तो. अनुवादात तो तसाच छापलेला आहे. इथे आज तो शब्द कोणी चारचौघांत उच्चारत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही मागच्या खोलीत, जिथे नव्या पुस्तकांना प्लॅस्टिकचं कव्हर घालतो तिथे, तालीम करत होतो. मी म्हटलं, ‘तो शब्द तू गाळ. वाक्य तसंही पूर्ण होतं.’

सेलामने ते वाक्य शब्द गाळून वाचून बघितलं. मग मान हलवली.

‘नाही. असं वाचलं तर ऐकणाऱ्यांना वाटेल, तिला कोणी काही बोललंच नाही.’

‘मग दुसरा एखादा सौम्य शब्द घाल.’

‘पण तो सौम्य शब्द म्हणाला नव्हता.’

‘मग काय, तो वाचणार आहेस?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘तो मी माझ्या तोंडाने म्हणणार नाही. मला बसमध्ये म्हटलेला आहे.’

माझ्या हातातलं प्लॅस्टिक तसंच राहिलं. तिने ते सहज सांगितलं, बस उशिरा आली होती असं सांगावं तसं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, ‘मी थांबेन. त्या शब्दाच्या जागी थांबेन.’

‘तुला तीनच मिनिटं आहेत, सेलाम. तू हळू वाचतेस. थांबलीस तर तुकडा पूर्ण होणार नाही. मी फ्राऊ लिंडनरना विचारते, तुला पाच मिनिटं...’

‘मला वेगळी मिनिटं नकोत,’ ती म्हणाली.

अठरा वर्षांत मी शेकडो मुलांना पुस्तकं दिली. त्या पुस्तकांनी त्यांना घडवलं असं आम्ही भाषणात म्हणतो. प्रत्यक्षात तसं घडताना आमच्या डोळ्यांना कधी दिसत नाही. पुस्तक घरी जातं, परत येतं, मधलं आम्हाला माहीत नसतं. त्या दिवशी मागच्या खोलीत, टेप आणि कात्रीच्या पसाऱ्यात, मला ते समोर दिसत होतं. मी घाईने कव्हर घालायला घेतलं आणि ते तिरकं बसलं.

शनिवार आला. सगळ्या खुर्च्या भरल्या, काही लोक कपाटांना टेकून उभे राहिले. फ्राऊ लिंडनरनी सुरुवातीला सांगितलं की मोठ्याने वाचणं हे धाडसाचं काम आहे, आणि इथे ऐकणाऱ्यांकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. बाबा दुसऱ्या रांगेत, कोट घालून. सेलामची आई अगदी शेवटी, पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली. मी पुढच्या कोपऱ्यात, एका हातात घंटी, एका हातात स्टॉपवॉच.

सेलाम सातवी होती. तिच्या आधी गिम्नाझिउमची योहाना अगदी झरझर वाचून गेली होती. सेलाम उभी राहिली, पुस्तक उघडलं, ओळीखाली बोट धरलं आणि सुरुवात केली. हळू. प्रत्येक शब्द वेगळा. दुसऱ्या वाक्याला अडली. हॉलमध्ये कोणी हललं नाही. तिने तो शब्द परत घेतला, पूर्ण केला, पुढे गेली. डेलिया रांगेतून निघते. ट्रेवर सूप आहे. पहिल्या टेबलापाशी जाते, तिथली मुलगी रिकाम्या खुर्चीवर आपली बॅग ठेवते. दुसऱ्या टेबलापाशी जाते. तिथला मुलगा वर बघतो आणि म्हणतो...

सेलाम थांबली.

पुस्तकावरून नजर उचलली आणि समोर बघत उभी राहिली. तालमीत ती दोन-तीन सेकंद थांबायची. त्या दिवशी थांबलीच. स्टॉपवॉच माझ्या हातात पळत होतं. पाच, सहा, सात. आधी लोकांना वाटलं ती अडली. एका आजींनी धीर द्यायला मानही डोलावली. मग हळूहळू हॉलला कळत गेलं. मला ते चेहऱ्यांवरून पुढून मागे सरकताना दिसलं. प्रत्येकाच्या डोक्यात तो शब्द आपोआप येत होता, तिने न म्हणता. ज्याचा त्यालाच तो मनात म्हणावा लागत होता. योहानाने मान खाली घातली. अकरा सेकंदांनी सेलामने पुन्हा बोट टेकवलं आणि पुढचं वाक्य वाचलं. डेलिया पुढे चालत राहते. सूप सांडू नये म्हणून ती फक्त सुपाकडे बघते.

आणि तीन मिनिटं झाली.

मी खरंच सांगते, घंटी हातात होती आणि हात उठत नव्हता. अजून अर्धं पान बाकी होतं. कोणी तक्रार केली नसती. पण ‘मला वेगळी मिनिटं नकोत’ हे ती मला म्हणाली होती. मी घंटी वाजवली. त्या शांततेत ती फार कर्कश वाटली. काही लोकांनी माझ्याकडे रागाने बघितलं. सेलामने वाक्याच्या मधेच बोट उचललं आणि पुस्तक मिटलं.

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. त्याच्या आधी योहाना उभी राहिली, आणि अगदी न राहवून, मोठ्याने तिने विचारलं, ‘मग? कुठे बसली ती?’

सेलामने तिच्याकडे बघितलं. पुस्तक तिच्यापुढे धरलं.

‘लीस सेल्बर,’ ती म्हणाली. तूच वाच.

सगळा हॉल हसला. आणि मग टाळ्या. ते पुस्तक त्या आठवड्यात योहानाने नेलं आणि तिच्या मागे नंबर लावून इतरांनी.

सेलामचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. तिची मावशी येना शहरात राहते. मिटेलशुले संपवून ती तिकडे गेली आणि भिंगं घासायचं काम शिकते आहे, सूक्ष्मदर्शकांत वगैरे बसतात ती. केसापेक्षा कितीतरी पट बारीक फरक सांभाळावा लागतो, असं तिने फोनवर सांगितलं. ओळ न सोडणाऱ्या मुलीला ते काम शोभतं. त्या बसमधल्या प्रसंगाबद्दल मी तिला पुन्हा एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, एकदा नव्हे, तीनदा. आणि विषय बदलला. शुक्रवारच्या त्या अकरा मुलांपैकी मात्र बहुतेकांचा मला पत्ता नाही. पाच-सहा कुटुंबं दुसऱ्या गावी गेली. त्यांच्याकडे अजून ती पुस्तकखूण असेल कदाचित. मी त्यांना शनिवार देऊ शकले नाही.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर केकच्या टेबलापाशी गर्दी झाली. सेलाम आईचा हात धरून दुसऱ्या रांगेजवळून गेली, तेव्हा बाबा खुर्चीचा हात धरून उभे राहिले. त्यांचे गुडघे दुखतात. कोणी आलं-गेलं तरी ते बसूनच नमस्कार करतात. ती पुढे जाईपर्यंत ते सरळ उभे होते, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर मास्तर उभा राहतो तसे. सेलामला काय करावं कळेना. तिने मान झुकवली. बाबांनीही झुकवली.

घरी आम्ही दोघं चालत निघालो. नोव्हेंबरात इथे पाचलाच अंधारतं. बसस्टॉपच्या बाजूने जाताना मी म्हटलं, ‘बाबा, तुम्हाला भाषा तर कळली नाही. मग उभे का राहिलात?’

‘वाचलेलं नाही कळलं,’ ते म्हणाले. ‘ती मधे थांबली ना, तेवढं कळलं.’

आम्ही काही पावलं चाललो. त्यांनी माझा दंड धरला होता, फुटपाथ ओला होता म्हणून.

‘मी तीन वर्षं व्हरांड्यात बसलो,’ बाबा म्हणाले, ‘पण गुरुजींच्या हजेरीत माझं नाव होतं. आतली पोरं मात्र मला नावाने कधी हाक मारायची नाहीत. शाळा सुटली की एका शब्दाने हाक मारायची. मी घरी कोणाला तो सांगितला नाही. तुझ्या सासूला नाही, पोरांना नाही. सांगू तुला?’

‘सांगा, बाबा.’

ते थांबले. माझा दंड सोडून माझ्याकडे वळले, आणि रस्त्याच्या दिव्याखाली उभे राहून, ऐंशीव्या वर्षी, त्यांनी मला तो शब्द सांगितला. मग खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘चल. थंडी वाजते.’

तो शब्द मी इथे लिहीत नाही.